गाडीला अजून काय लावू?

नायट्रो आरसी गाडी हातात आली की पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर पार्ट शोधणं सुरू होतं. निळं ॲल्युमिनियम, मोठा पाइप, एलईडी, रुंद चाकं... यातलं खरंच काय कामाचं? आणि गोंदियाच्या धुळीत, उन्हात काय टिकतं?

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा मैदानावर नायट्रो आरसी गाडी चालवणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, ‘पुढचं काय घेणार?’ उत्तर तयार असतं. ॲल्युमिनियमचे आर्म. नाही तर रेसिंग पाइप. पण गेल्या वेळी गाडी कशामुळे बंद पडली, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं’ किंवा ‘रिसिव्हरची बॅटरी निघाली’. म्हणजे बिघाड एकीकडे आणि खर्च भलतीकडेच. पॉकेटमनी, मेसचं बिल आणि घरून आलेले पैसे यांतून हा छंद चालवायचा असेल, तर हा घोळ परवडणारा नाही.

ज्यांनी अजून अशी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल, रिमोटवर चालणारी. पण ही सेलवरची खेळण्यातली गाडी नाही. हिच्या पोटात खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं, साधारण 2 ते साडेचार सीसीचं. आपल्या रस्त्यांवरच्या स्प्लेंडरचं इंजिन 97 सीसीचं असतं, त्यापुढे हे म्हणजे लिंबूच. पण हे लिंबू मिनिटाला 30 हजारांवर फेरे मारतं. आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मध्ये ‘फुल थ्रॉटल’ या नावाने अशाच इंजिनाच्या गाड्यांची शर्यत घेतली गेली आहे. इतर इंजिनीअरिंग कॉलेजांच्या फेस्टमध्येही असे इव्हेंट असतात. मातीचा ट्रॅक, उड्या, वळणं आणि कानठळ्या बसवणारा आवाज.

आधी इंजिन समजून घ्या, कारण अर्ध्या ॲक्सेसरीज त्याच्याच नावावर विकल्या जातात.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना छोट्या बॅटरीने ती लाल करायची, इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे आतल्या दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया यांमुळे तार आपोआप तापलेली राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी 1947 मध्ये हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांचं जगच बदललं. आपल्या गाड्या त्याच घराण्यातल्या. म्हणूनच यात पेट्रोल टाकून चालत नाही. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. त्या तेलात बऱ्याचदा एरंडेल असतं. हो, आजी चमचाभर पाजायची तेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या इंजिनांच्या पिस्टनला सहसा रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. पिस्टन तिथे घट्ट बसतो आणि त्या घट्टपणावरच कॉम्प्रेशन अवलंबून असतं. हा घट्टपणा एकदा झिजला की रिंग बदलून भागत नाही. पिस्टन-स्लीव्हचा अख्खा सेट नवा घ्यावा लागतो.

आता हिशेब करा. साडेतीन सीसीचं इंजिन, मिनिटाला 30 हजार फेरे, टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेऱ्याला हवा आत. म्हणजे मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास हवा. या हवेत काय असतं ते गोंदियाकराला वेगळं सांगायला नको. आपण धानाचा जिल्हा. कापणीनंतर उघडी पडलेली बांधी, मुरमाचे रस्ते, राइस मिलच्या आसपास उडणारं तूस. ते तूस दिसायला मऊ, पण जाळलं तर साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. वाळूतही तेच असतं. म्हणजे मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत तुम्ही गाडी पळवता तेव्हा इंजिन चक्क पॉलिश पेपर ओढत असतं.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च एकच. दोन थरांचा फोमचा चांगला एअर फिल्टर आणि त्याला लावायचं फिल्टर ऑइल. स्वस्त, काळा, कुरूप. इन्स्टावर टाकण्यासारखं त्यात काहीच नाही. फोम कोरडा ठेवला तर बारीक धूळ आरपार जाते. तेल लावलेल्या फोमला ती चिकटते. दिवसभर गाडी चालवली तर संध्याकाळी फोम धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल चोळायचं. जास्तीचा एक फोम तयार करून झिपच्या पिशवीत ठेवला तर फेस्टमध्ये दोन हीटच्या मध्ये बदलता येतो. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या रबरी नळीला चीर गेली आहे का, हेही बघा. वर महागडा फिल्टर आणि खाली फाटकी नळी, मग उपयोग शून्य.

मे महिन्याचं आणि डिसेंबरचं गणित

दुसरा लाडका पार्ट म्हणजे मोठा कूलिंग हेड. इंजिनाच्या डोक्यावरचे ते जाड पंख. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा मोठा हेड हवाच, असं वाटणं साहजिक आहे. पण या इंजिनाला थंड ठेवण्याचं बरंच काम इंधनच करतं. मिथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतं, शिवाय त्यातलं तेल. इंधन कमी पडलं, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झालं, की इंजिन तापतं. अशा वेळी मोठा हेड लावणं म्हणजे तापाच्या पेशंटला पंख्याखाली बसवणं. अंग थोडं गार लागेल, पण ताप आहे तिथेच. शिवाय तापमान कमी दिसतं म्हणून तुम्ही गाफील राहता.

खरं काम कार्ब्युरेटरवरच्या निडलचं. ती पेचकसाने फिरते आणि इंधन कमी-जास्त होतं. इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स कामाला येतं. 45 अंशाची हवा 10 अंशाच्या हवेपेक्षा साधारण 11 टक्के विरळ असते. मे महिन्यात तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त होतं आणि गाडी धूर सोडत गुदमरते. तेव्हा निडल किंचित बंद करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत उलटं. विदर्भात सर्वांत थंड कोण, यासाठी गोंदियाची नागपूरशी चढाओढ असते हे तुम्ही दर हिवाळ्यात वाचताच. अशा सकाळी हवा दाट असते. मेची निडल तशीच ठेवून गाडी दामटली तर मिश्रण लीन, तेल कमी आणि पिस्टनला ओरखडे. बरेच फेस्ट थंडीत असतात, हे विशेष. निडल एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढीच फिरवायची, मग ट्रॅकवर एक-दोन चकरा मारायच्या आणि मग ठरवायचं.

इथे एक ॲक्सेसरी मात्र मनापासून सुचवते. इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडच्या काळात गेटवर कपाळाला लावायचे तसला दिसतो, पण तो नको. तो माणसाच्या तापापुरताच मोजतो. कारखान्यात वापरतात तो घ्या. हेडवर ग्लो प्लगच्या खोलगट जागेत रोखून वाचायचं. बहुतेक इंजिनं 100 ते 125 अंशांच्या दरम्यान खूश असतात. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत असतो. तो पार्ट गाडीला लागत नाही, गाडी जड करत नाही आणि पाच जणांच्या टीमला एकच पुरतो.

आणि फुकटचं अपग्रेड? बॉडीची पुढची काच कात्रीने कापून टाका. हवा थेट हेडवर जाते. हिवाळ्यात जास्तच गार पडतंय असं वाटलं तर त्याच भोकावर चिकटपट्टी.

निळं ॲल्युमिनियम

आता मुद्द्याच्या सर्वांत चमकदार भागाकडे. 1999 मध्ये, म्हणजे आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीने ‘टी-मॅक्स’ नावाचा नायट्रो मॉन्स्टर ट्रक आणला. तो तुफान चालला आणि त्याच्याभोवती इतर कंपन्यांनी ॲल्युमिनियमच्या पार्टचा अख्खा बाजार उभा केला. आर्म, टॉवर, हब, बंपर, सगळं धातूचं. आज आपण ऑनलाइन जे निळं-लाल बघतो ती त्याच बाजाराची पुढची पिढी.

धातू म्हणजे मजबूत, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण कंपनीने आर्म नायलॉनचा दिला तो केवळ कंजूषपणा म्हणून नाही. गाडी धुऱ्यावर आदळली की नायलॉन वाकतो आणि परत सरळ होतो. ॲल्युमिनियम वाकला तर वाकलेलाच राहतो. नाही वाकला तर अजून वाईट. तो धक्का आर्म गिळत नाही, पुढे ढकलतो. मग आर्म ज्या बल्कहेडला बसवलाय तो तुटतो, किंवा डिफरन्शिअलची पेटी तडकते. स्वस्त पार्ट वाचवून महागडा तोडायचा आणि वर वाचवण्याचे पैसेही मोजायचे.

वजनाचंही आहे. नायलॉनची घनता 1.1 च्या आसपास, काचतंतू घातला तर 1.3-1.4. ॲल्युमिनियमची 2.7. त्याच आकाराचा आर्म दुप्पट जड. आणि हे वजन चाकाजवळ वाढतं, जिथे ते सर्वांत त्रासदायक असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त, तितकं शॉकअपला चाक जमिनीवर टेकवून ठेवणं अवघड. खडबडीत ट्रॅकवर चाक हवेत उड्या मारत राहतं. जगातल्या 1/8 बग्गीच्या स्पर्धांत किमान वजन 3.2 किलोचं ठरलेलं आहे, ते उगाच नाही. तिथे प्रत्येक जण त्या आकड्याच्या जवळ राहायला धडपडतो. आणि आपण दुकानातून वजन विकत आणतो.

सगळंच ॲल्युमिनियम वाईट, असं नाही हं. शॉकअपची नळी धातूची असेल तर तेल गळत नाही आणि पिस्टन सरळ चालतो. स्टिअरिंगचे सांधे, इंजिन माउंट, जिथे भाग जराही हलू नये तिथे धातू हवा. जिथे भागाने मार खाऊन परत उभं राहायचं तिथे प्लॅस्टिक बरं. पार्ट बघताना एवढा एक प्रश्न विचारला तरी कार्टमधल्या निम्म्या वस्तू निघून जातील.

चाकं बाहेर काढणारे एक्स्टेंडर तर मला कळतच नाहीत. गाडी रुंद होऊन उलटत नाही हे खरं. पण चाकाचा भार बेअरिंगपासून लांब जातो, ॲक्सल वाकतो, स्टिअरिंगचा सर्व्हो रडायला लागतो.

बेअरिंगची गोष्ट मात्र वेगळी. स्वस्त किटमध्ये चाकाला आणि गिअरला पितळी किंवा ब्राँझचे बुश असतात. ते झिजतात, चाक डुगडुगायला लागतं आणि इंजिनाची ताकद घर्षणात जाते. त्या जागी बॉल बेअरिंग टाकले की गाडी हाताने ढकलतानाच फरक कळतो. आपल्या भागासाठी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले घ्या. किंचित जड फिरतात, पण धूळ आणि चिखल आत जाऊ देत नाहीत.

पाइप, टायर आणि थोडं तेल

ट्यून्ड पाइपने ताकद वाढते का? वाढते, पण जाहिरातीत सांगतात तशी सरसकट नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना त्यातलं थोडं धुराबरोबर बाहेर पळतं. पाइपच्या निमुळत्या टोकावरून धुराच्या दाबाची लाट परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत त्या पळपुट्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये ढकलते. 30 हजार फेऱ्यांना एक फेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात संपतो, म्हणजे लाटेची वेळ किती काटेकोर हवी ते बघा. पाइपची लांबी ज्या वेगासाठी ठरवली त्याच वेगाला फायदा. फेस्टचा ट्रॅक बहुधा छोटा, वळणावळणाचा. तिथे इंजिन वरच्या फेऱ्यांना जेमतेम पोहोचतं. वरच्या फेऱ्यांसाठी बनवलेला पाइप लावून तुम्ही वळणातून निघतानाची ताकद गमावू शकता. लांब सरळ पट्ट्यावर गाडी पळवायची असेल तर गोष्ट निराळी.

याउलट टायर. ऑफ-रोडमध्ये टायरने पडतो तेवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नसेल. ताकद कितीही असो, ती जमिनीत जाते ती चार टायरच्या खुणांमधूनच. उन्हाळ्यातल्या टणक, वर धुळीचा थर असलेल्या जमिनीला बारीक, दाट टोकांचा टायर. भुसभुशीत मातीला मोठ्या, विरळ खुंट्यांचा. पावसाळ्यात बांधीची चिकण माती कोणत्याही टायरमध्ये भरते आणि त्याची गुळगुळीत पुरी होते, तेव्हा गाडी घरीच ठेवलेली बरी. शॉकअपमधलं सिलिकॉन तेलही असंच. उन्हाळ्यात ते पातळ पडतं, गाडी उडीनंतर दोनदा उसळते. एक नंबर घट्ट तेल टाका, उसळी कमी होईल. एका बाटलीचा खर्च आणि तासभर काम.

इंधनात नायट्रो वाढवावं का, हा प्रश्न हमखास येतो. नायट्रोमिथेनमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक ग्रॅम पेट्रोल जाळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला 6.4 आणि नायट्रोमिथेनला फक्त 1.7. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, म्हणून ताकद. पण टक्का वाढवला की निडल, ग्लो प्लग, कधी हेडखालची पातळ चकतीसुद्धा बदलावी लागते. पुस्तिकेत लिहिलेल्या टक्क्यावर राहा. आणि घरी मिश्रण करायच्या फंदात अजिबात पडू नका. मिथेनॉल हे विष आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. कातडीतूनही ते शरीरात शिरतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून हॉस्टेलच्या रूममध्ये ठेवायची वस्तू ही नव्हे.

आग लागली तर अजून एक अडचण. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. गाडीतून धूर नाही, जाळ नाही, पण प्लॅस्टिक वितळतंय असं दिसलं तर हात घालू नका. ड्राय पावडरचं छोटं अग्निशामक जवळ असू द्या. नवेगाव-नागझिराच्या आसपास राहणाऱ्यांना तर सांगायलाच हवं. मोहफुलांच्या दिवसांत जंगलात वाळलेला पाला पडलेला असतो. तिथे, किंवा जंगलाच्या कडेलाही, ही गाडी नेऊ नका. आवाजाचा प्रश्न आहेच, पण ठिणगीचा मोठा.

म्हणून फिल्टरनंतर दुसरा खर्च माझ्या यादीत सुरक्षेचा आहे. रिसिव्हरला चार पेन्सिल सेलचा डबा असेल तर तो काढा. उडीच्या धक्क्याने सेल सुटतात, सिग्नल जातो आणि थ्रॉटल उघडं राहिलं तर तीन किलोची गाडी ताशी 50-60 किलोमीटरने लोकांच्या पायांत शिरते. सोल्डर केलेला, रिचार्ज होणारा पॅक घ्या. कार्ब्युरेटरला थ्रॉटल बंद करणारी स्प्रिंग लावा, ती अगदीच स्वस्त असते. आणि फेल-सेफ. नव्या 2.4 गिगाहर्ट्झच्या सेटमध्ये तो बहुधा असतोच, फक्त सेट करायचा कुणी कष्ट घेत नाही. चाकं हवेत राहतील अशी गाडी विटांवर ठेवा, इंजिन बंदच असू द्या, रिमोट बंद करा. थ्रॉटल आपोआप मिटून ब्रेक लागला तर ठीक. नाही लागला तर गाडी मैदानात न्यायची नाही.

एक तुलना इंजिनीअरिंगवाल्यांसाठी. 2007 पासून पीथमपूरला होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’मध्ये (आपण सगळे ‘बाजा’च म्हणतो) पेट्रोल गटातल्या सगळ्या टीमना एकाच प्रकारचं 305 सीसी, 10 हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागलं आणि त्यात काही बदल करायला परवानगी नव्हती. तरी कुणी पहिलं आलं, कुणाची गाडी पहिल्या तासात बसली. फरक पडला तो वजनात, सस्पेन्शनमध्ये आणि आदल्या रात्री कोणी कोणता नट घट्ट केला यात. नायट्रोमध्ये इंजिन बदलायची सूट आहे, म्हणून आपलं लक्ष सतत तिकडे जातं. एक करून बघा. एका मोकळ्या मैदानात चार चपला ठेवून ट्रॅक करा, दहा चकरांची वेळ मोबाइलवर मोजा. एक पार्ट बदला, फक्त एकच, आणि त्याच ड्रायव्हरकडून पुन्हा दहा चकरा. वेळ कमी झाली नाही तर पार्ट मित्राला विका. एलईडी लाइट या परीक्षेत काय करतात ते मला जाणून घ्यायचंय.

शेवटचं, फेस्टला निघणाऱ्यांसाठी. विदर्भ एक्सप्रेस असो की महाराष्ट्र एक्सप्रेस, गाडी आपल्या गोंदियातूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि सामान निवांत लावता येतं. पण त्या सामानात नायट्रोचं इंधन चालत नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली ज्वालाग्राही वस्तू बेकायदा नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानातही ते बंदच. इंधन तिथे पोहोचल्यावर कुठे मिळेल हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा. काही फेस्टमध्ये तयार गाडी चालत नाही, चॅसी स्वतः बनवलेली लागते, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करा, नळीत उरलेलं इंधन इंजिन चालवून संपवा, ग्लो प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे चार थेंब टाका आणि चाक हाताने फिरवून ते आत पसरवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि तेल न टाकता ठेवलेलं इंजिन आठ दिवसांत आतून गंजायला लागतं. टाकीचं झाकण रात्रभर उघडं ठेवून वास जाऊ द्या, मगच गाडी बॅगेत भरा. फिल्टरचा जास्तीचा फोम त्याच बॅगेत.